तळ्याच्या वळणावरची घंटी

ईदच्या सुटीला जोडून दोन दिवसांची रजा मंजूर झाली आणि पौषातल्या एका पहाटे मी पाथरीहून सायकलीवर निघालो. दुधनेपासून पूर्णेपर्यंतच्या मुलुखातली गावे आणि तळी पाहून एक नकाशा तयार करावा, असा हेतू होता. आमच्या मदरशाच्या (सरकारी शाळेच्या) भिंतीवर सबंध रियासतीचा नकाशा टांगलेला आहे. त्यात आमच्या उशाशी वाहणाऱ्या नद्या केसाएवढ्या बारीक आहेत आणि तळी तर मुळीच नाहीत. ज्या पाण्यावर मुले वाढली ते त्यांना कागदावर सापडू नये, हे मला बरेच दिवस बोचत होते.

तयारी नीट केली होती. मागच्या चाकाच्या एका तारेला लाल सुताचा गोंडा बांधला होता. फेरे मोजले की अंतर निघते. घंटी नवी होती. वळणावर, चढाच्या माथ्यावर आणि गावाच्या वेशीत ती वाजवावी, हा नियम मी वर्गात शिकवतो आणि स्वतः पाळतो. तो येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पेडगावच्या शिवारात ऊन चढले. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसाला आली होती आणि काळ्या रानाला थंडीने बारीक भेगा पडल्या होत्या. वही काढून लिहू लागलो, तेव्हा मोटेवरचा एक शेतकरी अदबीने जवळ आला. मी गिरदावर (महसुलाचा अंमलदार) असून पिकाची पाहणी करायला आलो आहे, असे त्याला वाटले होते. मी नकाशाची गोष्ट सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "नकाशात काढल्यानं तळ्यात पानी वाढतंय का मास्तर?" मी वही मिटली. त्याने मला बांधावर बसवून भाकरी, हरभऱ्याची ओली भाजी आणि बुक्कीने फोडलेला कांदा दिला.

तिसऱ्या प्रहरी सायकल खांद्यावर घेऊन दुधना ओलांडली. पाणी गुडघाभर आणि इतके नितळ की वाळूवरच्या खेकड्यांच्या रेघा दिसत होत्या. मुक्काम पलीकडच्या एका मारुतीच्या देवळात केला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवता उगवता मी त्या गावी पोचलो. गावाचे नाव येथे देत नाही. रस्ता तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, जातो आणि मधोमध एकदम वळतो. वळणाच्या खालीच पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. वळण दिसताच नियमाप्रमाणे मी घंटी वाजवली, तीही दोनदा.

पाळीवर चरणारी म्हैस उधळली आणि थेट पायऱ्यांवरून पाण्यात गेली. पायऱ्यांवर एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून पूजा करीत बसले होते. म्हशीचा धक्का लागताच ते कलंडले आणि त्यांनी आधारासाठी हात टेकला. मी सायकल टाकून धावत खाली उतरलो. त्यांना कोठेही लागले नव्हते. पण ते आपल्या उघड्या डाव्या तळहाताकडे पाहत होते.

हे गृहस्थ गावचे किराणा दुकानदार विश्वनाथअप्पा. त्यांच्या लिंगायत घराण्यात लहानपणीच गुरू इष्टलिंग देतो. ते चांदीच्या डबीत जन्मभर गळ्यात असते. पूजेच्या वेळी ते डाव्या तळहातावर घेतात. ते अंगावर नसेल तोवर माणसाने अन्न घ्यायचे नाही आणि पाणीही प्यायचे नाही. अप्पांचे लिंग पाण्यात गेले होते. पायरीवर डबी तेवढी उघडी पडली होती.

गाव जमले. धोंडिबा नावाचा भोई, जो त्या तळ्यात मासे धरतो, काही न विचारता पाण्यात शिरला. दिवसभर तो बुड्या मारत राहिला. प्रत्येक वेळी मूठभर गाळ आणून पायरीवर पसरी आणि आम्ही तो बोटांनी चाळत असू. काळे लिंग, बोराएवढे, गाळही काळा. अप्पा ओल्या धोतराने तसेच बसून होते. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. पतीने पाणी घेतल्याशिवाय आपणही घेणार नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

दुपारी काहीजणांनी मोरी उघडून तळे रिकामे करण्याची गोष्ट काढली. मी धोंडिबाला विचारून हिशेब केला. पायऱ्यांपाशी पाणी दोन पुरुष खोल. मोरी पूर्ण उघडली तरी दिवसाला वीतभरच उतरते. तळ दिसायला पंधरा-सोळा दिवस तरी लागणार. अप्पांनी माझा हिशेब ऐकलाही नाही. "मोरीला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "हे पानी चैतापातुर गावाला पुरवायचं हाय. एका मान्सासाठी गाव तान्हेलं ठेवायचं काय?"

मग मी सर्वांसमोर सांगितले की म्हैस माझ्या घंटीने उधळली; अपराध माझा आहे. अप्पांनी मान हलवली.

"घंटीचा न्हाई मास्तर, म्हशीचाबी न्हाई. मी सोताला सावरलं आन् देवाला सोडलं. हात टेकायची येळ आली तवा कोन्ता हात टेकावा, येवढं साठ वर्सांत मला शिकता आलं न्हाई."

त्यांनी पत्नीला मला जेवू घालायला सांगितले. पाहुणा उपाशी राहिलेला त्यांना चालणार नव्हता. मी नको म्हणालो, तेव्हा ते म्हणाले की माझे व्रत त्यांच्या व्रतावर चढवू नये. त्यांच्या ओसरीवर बसून मी भाकरी आणि दूध घेतले. वाढणाऱ्या बाईंचे ओठ कोरडे होते. इतके जड जेवण मी आयुष्यात जेवलो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा आवाज खोल गेला होता. गुरूकडून दुसरे लिंग घेता येते, हे सर्वांना ठाऊक होते. पण शोध चालू असता दुसरे मागणे म्हणजे पहिल्याचा हात सोडणे, असे अप्पा मानत. धोंडिबा पुन्हा पाण्यात उतरू लागला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि दातखीळ बसत होती. अप्पा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. तेवढ्यात पार्वतीबाई मला म्हणाल्या, "मास्तर, स्वामी चार कोसांवर मठात हायेत. तुमची गाडी बैलाहून लवकर जाती म्हनत्यात."

मी अप्पांकडे पाहिले. त्यांनी "जा" म्हटले नाही. रिकामी डबी उचलून माझ्या हातात दिली आणि धोंडिबाला वर यायची खूण केली.

त्या दिवशी चाकाचे फेरे मी मोजले नाहीत. मठातले स्वामी सत्तरीचे, गुडघ्यांनी अधू. डबी पाहताच त्यांनी सगळे ओळखले. शास्त्र काय सांगते असे मी विचारणार होतो; ते तोवर नवे लिंग वस्त्रात गुंडाळून उभे राहिले होते. सायकलीवर ते कधी बसले नव्हते. मागच्या कॅरिअरवर घोंगडी घातली. एका हाताने त्यांनी माझी कंबर धरली आणि डाव्या हाताने लिंग छातीशी. वाटेत मी झालेली हकीकत सांगितली. चाकोरीत सायकल डगमगली, तेव्हा मागून आवाज आला, "पडलो तर दोगं पडू मास्तर. ह्यो हात मी टेकनार न्हाई."

एका ठिकाणी बाभळीचा काटा शिरून चाक बसले. मी पंक्चर काढत असता स्वामी रस्त्याकडेला बसून होते. तहान लागली असूनही त्यांनी हँडलला अडकवलेल्या कमंडलूतले पाणी अप्पांच्या आधी घेतले नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य माथ्यावर होता. पाळीच्या अलीकडेच मी सायकलीवरून उतरलो. पायऱ्यांवर चार जणांनी घोंगड्यांचा आडोसा धरला आणि दीक्षेचा विधी झाला. मी बाहेर, धोंडिबाजवळ उभा होतो. आडोसा निघाला तेव्हा अप्पांच्या डाव्या तळहातावर लिंग होते आणि उजवा हात त्यावर झाकलेला. स्वामींनी दिलेले तीर्थ त्यांनी घेतले, मग पार्वतीबाईंनी.

पाणी पोटात गेल्यावर अप्पांनी विचारले, "स्वामी, पयलं तळ्यातच ऱ्हायलं. त्येच्या पूजेचं काय?"

स्वामींनी पाण्याकडे पाहिले. पलीकडच्या काठावर बाया घागरी भरत होत्या, मशिदीतले मुल्ला नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करीत होते आणि खाली गुरे पीत होती. "लिंगाला लागलेलं पानी म्हंजी तीर्थ," ते म्हणाले. "आता सगळं गाव तेच प्यायलंय. ह्याहून मोठी पूजा मी तुला काय सांगू?"

"म्हंजी म्हसरंबी तीर्थच प्यायलीत," धोंडिबा हळूच म्हणाला. दोन दिवसांत प्रथमच अप्पा हसले.

पूर्णा येलदरीच्या टेकड्यांतून कशी येते ते पाहायचे राहिले. रजा संपत आली होती. निरोप घेऊन मी सायकल हाताने ढकलत पाळीवरून निघालो. घंटीवर तळहात दाबून धरला होता, खडबडीत वाटेने ती चुकूनही वाजू नये म्हणून. वळणाशी आलो तेव्हा दुकानाच्या ओट्यावरून अप्पांनी हाक दिली.

"मास्तर, वाजवा की. म्हशीलाबी सवय व्हाया पायजे."

मी थांबलो. पायऱ्यांवर कोणी बसलेले नाही, हे वाकून पाहिले. मग एकदा वाजवली. म्हशीने मान वर करून पाहिले आणि पुन्हा पाण्यात तोंड घातले.

नकाशा आता आमच्या वर्गात टांगला आहे. पूर्णेकडचा भाग कोरा आहे. बाकी प्रत्येक तळ्याजवळ त्याची खोली लिहिली आहे. एका तळ्याजवळ लिहिलेली नाही, कारण त्याच्या तळाशी काय आहे ते मोजण्याचे माप माझ्याजवळ नाही. घंटीचा नियम मी अजूनही शिकवतो, पण त्याच्या आधी एक वाक्य घातले आहे: वळणाशी उतरावे, आणि पलीकडे कोणाच्या तळहातावर काय आहे ते आधी पाहावे.