बापूमामांच्या घड्याळातला नवा सेल

दुपारचे दोन. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी काउंटरवर डोकं टेकते. डोळे मिटतायत, मिटले,

गुणगुण.

टिकटिक नव्हे. बापूमामांच्या घड्याळाला टिकटिक नव्हतीच. आत सेलवर थरथरणारा इवलासा चिमटा, दर थरथरीला चाकाचा एक दाता पुढे ढकलणारा. कानाशी धरलं की डबीत कोंडलेला भुंगा. ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सेल मीच काढलाय, मामांच्या तेराव्याला.

"शैला, किती वाजले?"

मामा समोर बसलेत. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावरची हिरवी पट्टी कपाळावर सरकवलेली. मनगटावर घड्याळ.

"दोन वाजून दहा, मामा."

"माझ्यात वीस." ते गोळी पुढे करतात. "घे."

काउंटर नाही, त्यांची खाट. पडदे ओढलेले. अंधारात फक्त काट्यांचा हिरवा उजेड. याच काट्यांवर ते हृदयाची गोळी घेत, दर सहा तासांनी, आपल्या हातानं.

"तसला जुना सेल आता मिळत नाही, मामा. नवा बसला."

"बसला खरा. जोर जास्त त्याचा. घड्याळजी कोण, तू का मी?"

जोर जास्त.
एका दात्याऐवजी दोन.
सहा तास
तीन तासांत.

मला कळलं ते तेराव्याला, घड्याळ उघडल्यावर. सेल खिशात घातला आणि पंक्तीत जाऊन बसले.

"कुंदाला सांगितलंस?"

कुंदावहिनी त्यांची सून. म्हाताऱ्याच्या गोळ्यांकडे हिनं बघितलं नाही, असं सगळे तिलाच बोलतात.

"नाही."

"मग अजून एक घे."

खाट नाही, इस्पितळाचा बाक. टोकाला कुंदावहिनी, पाठमोरी. मी हाक मारते. तोंडात गोळ्या आहेत. आवाज फुटत नाही, नुसती गुणगुण, माझ्याच दातांतून.

"किती वाजले?"

बोटांनी दाखवते. अडीच.

"माझ्यात तीन. उरक बाई. तुझंही दुपटीनं चाललंय आता." मामा हसतात. त्यांचं घड्याळ माझ्या मनगटावर आहे. पट्टा निघत नाही,

भिंतीवर अडीच.

शटर अर्धंच. ड्रॉवर बंद. मनगट मोकळं. जीभ मात्र कडूजहर. मी तळहातावर थुंकते.

पांढरी. अर्धी विरघळलेली.

मूठ मिटते आणि दुसऱ्या हातानं फोन लावते.

"काय गं शैला, भरदुपारी?" कुंदावहिनी विचारते.

मुठीत ती अजून विरघळतेय.