वेष्टणाविना आलेल्या पिशव्या

मी मालवणला पोलीस निरीक्षक असताना घडलेलं हे प्रकरण अजून डोळ्यांसमोर आहे. गुन्हा चोरीचा होता, पण मनात राहिल्या त्या फिर्यादी बाई.

त्या एका खाजगी रुग्णालयात औषध विभाग सांभाळत. तिथे एका मच्छीमाराच्या आतड्यावर शस्त्रक्रिया झाली होती. तोंडाने पाणीसुद्धा बंद. शिरेतून द्यायच्या पोषणाच्या पिशव्यांवरच तो जगत होता. त्या सकाळी आलेल्या पिशव्यांवर बाहेरचं चंदेरी वेष्टण नव्हतं. डॉक्टरांना सांगून बाईंनी त्यांचा वापर थांबवला आणि एक पिशवी घेऊन ठाण्यात आल्या.

पिशवी फुटलेली नव्हती, मुदतही शिल्लक होती. मग बिघडलं काय, असं मी विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. पिशवीच्या प्लास्टिकमधून हवा हळूहळू आत जाते, उजेडही लागतो. वेष्टण दोन्ही अडवतं. ते काढून पिशवी ठेवली की आतली जीवनसत्त्वं नासतात, स्निग्धांश खवट होऊ लागतो आणि वरून काही कळत नाही. छापलेली मुदत वेष्टण असेपर्यंतचीच.

"आणि साहेब, माल पुरवणारा माझा मावसभाऊ आहे," त्या म्हणाल्या. "तेही लिहून घ्या."

फिर्याद नोंदवून मी रुग्णालयात गेलो, तर रुग्णाची बायको बाईंवर संतापलेली.

"तुमी माझ्या घोवाक उपाशी मारतल्यात काय?"

"सलायनवर तो संध्याकाळपर्यंत तग धरतलो गो. पण ह्यां शिरेत गेलां, तर मगे माझ्या हातात काय ऱ्हवाचां नाय."

गोव्याहून दुसऱ्या पिशव्या येईपर्यंत बाई त्या बायकोशेजारीच बसून होत्या.

चौकशीत मावसभाऊ सांगत राहिला की खोके भिजले म्हणून वेष्टणं काढली आणि फेकून दिली. फोंडाघाटच्या त्याच्या गोदामाचा आम्ही पंचनामा केला. खोके कोरडे होते, वेष्टण एकही नव्हतं. परत निघताना हवालदाराने शेजारच्या पिकलेल्या भातशेतीकडे बोट दाखवलं. पाखरं उडवायला काठ्यांना चंदेरी पट्ट्या बांधल्या होत्या. शेत मावसभावाचंच. पट्ट्यांवर शिक्का होता: सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही.

त्या पट्ट्या टेबलावर ठेवल्यावर त्याने खोके भिजल्याची गोष्ट सोडली. मग जबाब दिला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयाचा भांडारपाल त्याला माल चोरून विकत होता. शिक्का वेष्टणावर होता, म्हणून वेष्टण काढलं. पिशवी तर तीच, असं त्याला खरोखरच वाटत होतं. दोघांनाही अटक झाली, पुढे शिक्षाही.

मच्छीमार बरा होऊन घरी गेला. बाईंच्या माहेरच्यांनी मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं. तरी त्या साक्षीला आल्या. आरोपीच्या वकिलाने विचारलं, पिशवीत बिघाड दिसला होता का?

"नाही," त्या म्हणाल्या. "दिसेपर्यंत थांबले असते, तर आज आरोपीच्या पिंजऱ्यात मी असते."

मी आयुष्यभर गुन्हा घडल्यावर पोचलो. ह्या बाई आधी पोचल्या होत्या. असं काम करणाऱ्याला कुणी पदक देत नाही, कारण तिथे काही घडलेलंच नसतं. त्या दिवशी कोर्टाबाहेर मी त्यांना सॅल्यूट केला.