गाठ पाहणारी धनुबाई

भोरखेड्याचं स्टेशन म्हणजे एक पत्र्याची शेड, एक घंटा आणि उतरलं की पायात खुपणारी खडी. संवत १९५६च्या, म्हणजे छपन्याच्या दुष्काळात लोकांनी पोटासाठी तिथे माती टाकली, रूळ आले, आणि गाव म्हणालं, आता सुरत दारात आली. सुरत आली खरी, तिच्यामागून प्लेगही आला. फुकटचं काही येत नसतं.

मग वरून हुकूम सुटला, उतरेल तो माणूस तपासायचा. गाठ आणि ताप सापडला की रवानगी रुळांपलीकडच्या कुडाच्या छपरात. पुरुषांना कंपाउंडर बघायचा. पण बायकांच्या काखेत परक्या पुरुषाने हात घातला असता, तर गावाने स्टेशनच पेटवलं असतं. शेवटी धनुबाईला बोलावलं. चांगल्या शेतकरी घरातली विधवा, दिरांच्या दारात भाकरीसोबत टोमणे खाणारी. शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा लागला आणि ती बायकांच्या गाठी पाहू लागली.

हात हलका, पण मन कडक. कुणी म्हणे गळू आहे, कुणी म्हणे ओझं उचलून शीर चढली. धनुबाई ऐकायची नाही. शेजारच्या दिवलीबाईची सून तिने अशीच छपरात धाडली, ती परत आली नाही. तेव्हापासून दिवलीबाई गाडीच्या वेळी फाटकाशी येऊन उभी राहायची. शिवी द्यायची नाही, नुसती बघायची. त्यापेक्षा शिवी बरी.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या तोंडावर नवापूरकडून झेलू उतरली. धनुबाईची एकुलती लेक, लग्नानंतर पहिल्यांदाच सणाला माहेरी आलेली. पडद्याआड आईचे हात काखेत गेले आणि थांबले. गाठ होती. अंगही तापलेलं होतं.

"माय, हात गोंदेल शे मन्हा, तोच सुजना. हाई गाठ तेन्हीच शे," झेलूने बाही वर केली.

दंडावर ताजं गोंदण, भोवती लाल सूज. लहानपणी गोंदल्यावर धनुबाईलाही अशीच गाठ आली होती. 'साफ' एवढा एक शब्द बोलायचा होता. पण गोणपाटाच्या फटीतून फाटक दिसत होतं. दुसऱ्याची सून धाडली आणि स्वतःची लेक सोडली, असं गाव म्हणालं असतं, आणि खोटं म्हणालं नसतं.

"सकाय डाकतर येई, तो सोडी देई," ती म्हणाली. "एक रात काढ, बेटी."

"माय, तुले तर माहीत शे ना?"

पडदा सारून धनुबाईने कंपाउंडरला सांगितलं, गाठ आहे.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला नाही. मोठ्या स्टेशनांवर माणसं पटापट मरत होती, त्याला या छपराची कुठली आठवण. आखाजीला गावातल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, तेव्हा धनुबाई छपराच्या कुंपणाशी पुरणपोळी घेऊन उभी होती. झेलूने ती घेतली, खाल्ली नाही. छपरातला प्लेग तिला लागला होता. डॉक्टर आला तेव्हा जांघेत दुसरी गाठ निघाली होती, आणि ती गोंदणाची नव्हती. त्याच आठवड्यात झेलू गेली.

लेकीची राख सावडून धनुबाई पुन्हा पडद्याआड बसली. घरी बसून तरी करणार काय? पहिल्याच गाडीने एक कोवळी सून उतरली, तापाने भाजून निघालेली. काखेत लिंबाएवढी गाठ. गोंदण नाही, गळू नाही. पोर हात जोडून उभी होती. धनुबाईने तिचा पदर नीट केला.

"काई नई," तिने बाहेर सांगितलं. "साफ शे."

पोर फाटकातून गावात गेली. दिवलीबाई त्या दिवशी पहिल्यांदा आत आली आणि धनुबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आते तुले मया येवाले लागनी, धनु."

जेठात गावात उंदीर मरून पडू लागले. पहिली तिरडी निघाली ती दिवलीबाईच्या दारातून, तिच्या मुलाची. धनुबाई त्या वेळी पडद्याआड होती आणि पुढच्या बाईला 'साफ' म्हणत होती.