खोका घेऊन मालदीवला

शारजात, रोल्ला भागात, संसार थाटून आम्हाला कैक वर्षं झाली. पण सुट्टी म्हटली की आमची वारी एकच, रत्नागिरीकडे, माझ्या सासरी. विमानतळाबाहेर दीर, नणंदा, भाचेमंडळी उभी असतात, आणि त्यांची नजर आमच्या तोंडांवर कमी, भेटवस्तूंनी भरून आणलेल्या खोक्यावर जास्त असते. यंदा मी हट्टच धरला. जिथे आपल्याला घ्यायला कुणी येणार नाही आणि मला कुणाची वहिनी व्हावं लागणार नाही, अशा ठिकाणी चार दिवस न्या. मालदीव ठरलं.

निघायच्या दिवशी बघते तर हॉलमध्ये खोका! नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेला. आत दुधाची पावडर, बाम, साबण, खजूर, अत्तर.

"हे कुणासाठी?" मी यांना विचारलं.

"अगं, रिकाम्या हाती कसं जायचं?"

"डॅड, वी डोन्ट नो एनीबडी देअर!" मुलगी ओरडली.

"ओळख काय, होते. यल्ला, चला, टॅक्सी आली."

माझं डोकं फिरलं. अख्ख्या विमानप्रवासात मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

तिथल्या कस्टमवाल्याने खोका अडवला. यांनी सवयीने त्यावर मार्करने गावचा पत्ता लिहून ठेवला होता. तो बिचारा वाचत राहिला आणि मग अदबीने म्हणाला, "रत्नागिरी? हा कुठला रिसॉर्ट?" मुलगी आमची कुणीच नसल्यासारखी लांब जाऊन उभी राहिली.

बाहेर आलो तर दारासमोर रस्ता नाही, समुद्रच. बाकीचे लोक पाट्या बघून आपापल्या बोटींकडे गेले. हे मात्र खोका धरून उभे. गावी जाताना विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकताच कुणीतरी धावत येऊन तो यांच्या हातातून घेतं. इथे कुणी पुढे येईना. यांचा चेहरा असा उतरला की माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईटच वाटलं मला.

"सोडा ती दोरी," मी म्हटलं.

बोट यायला वेळ होता. धक्क्यावरच्या बाकावर खोका उघडला. मी अत्तराची बाटली उचलली. "ही माझी."

"तुला कशाला? तुला रोल्लात केव्हाही मिळते."

"मिळते. पण इतके खोके भरलेत, एकात तरी माझं काही होतं का?"

यांनी बाटली माझ्याकडून परत घेतली, रुमालाने पुसली आणि मोठ्या नणंदेला देतात तशी, दोन्ही हातांनी मला दिली.