फुटाण्याचं घर

भाद्रपदातली पौर्णिमा आली की आमच्या गल्लीत घरोघरी भुलाबाई बसायची. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा भुलोजी आणि वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. तिथून कोजागिरीपर्यंत रोज दिवेलागणीला आम्ही साऱ्या पोरी टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी जायचो, अंगणात बसून गाणी म्हणायचो. गाणी म्हणायचो खरं, पण जीव सगळा खिरापतीत. महिनाभर रोज आम्ही घरोघरचं खात हिंडायचो आणि तरी घरी येऊन भाकर मागायचो, हे आज माझ्या नातींना खोटं वाटतं.

खिरापत फुकट मिळत नसे. ती ओळखावी लागे. गाणी संपली की घरची बाई झाकणाचा डबा घेऊन यायची आणि आमच्या कानाशी हलवायची. आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. गोड की तिखट, एवढं विचारायची मुभा. ओळखलं तर आम्ही जिंकलो. नाही ओळखलं तर सगळ्यांनी मिळून ‘हरलो’ म्हणायचं, त्याशिवाय झाकण उघडायचं नाही. पोरींना हरवणाऱ्या बाईचं कौतुक दुसऱ्या दिवशी विहिरीवर चालायचं, म्हणून बायाही काही कमी नव्हत्या. कोणी रेवड्या फडक्यात गुंडाळून ठेवी, कोणी शंकरपाळे इतके दाबून भरी की डबा मुका होई. आता खाऊ पुड्यात येतो आणि आत काय आहे ते वर चित्रासकट छापलेलं असतं. त्यात कसली आली मजा, तुम्हीच सांगा.

आमच्या घरी मात्र हा खेळ कधी रंगलाच नाही. आमचा भाजीचा मळा. आईबाप दोघंही दिवसभर मळ्यात, आणि अमडापूरच्या बाजाराच्या आदल्या दिवशी भाजीचा तोडा असला की आईला घरी यायला अंधार पडायचा. शंकरपाळे करायला तिला सवड कुठली? तिची खिरापत ठरलेली, फुटाणे. गल्लीतल्या किराणा दुकानदाराची मुलगी आमच्यात सगळ्यांत मोठी आणि कानाची तिखट. डबाबरण्यांत वाढलेली ती, शेंगदाणे आणि फुटाणे यांच्या आवाजातला फरक तिला झोपेतही कळला असता. आमच्याकडे तर तिला कान लावायचीही गरज नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ती फाटकातूनच ‘फुटाणे’ म्हणून ओरडायची, पोरी खिदळायच्या आणि आई डबा न हलवताच झाकण काढायची. आईसुद्धा हसायची. मला मात्र रडू यायचं. गल्लीत आमच्या घराचं नावच ‘फुटाण्याचं घर’ पडलं होतं, आणि एकदा तरी, एकदाच, आमच्या अंगणात त्या पोरीनं हार मानावी एवढंच माझं मागणं होतं.

एका वर्षी मी सकाळीच हट्ट धरला. आज फुटाणे ठेवलेस तर मी भुलाबाईत बसणारच नाही, असं आईला बजावलं. ती डोक्यावर टोपली घेता घेता ‘पाहू’ म्हणाली. आमच्या घरात ‘पाहू’ म्हणजे ‘नाही’, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं.

त्यात तो नेमका मिरचीच्या तोड्याचा दिवस. संध्याकाळी पोरी अंगणात आल्या तरी आईचा पत्ता नाही. मग मी एक गाणं संपलं की लगेच दुसरं काढू लागले. म्हटलेलीच गाणी पुन्हा म्हटली. माझ्या भक्तीचं शेजारणीला फार कौतुक वाटलं. शेवटी आई आली. टोपली उतरवली, हातपाय धुतले, भुलाबाईला हळदकुंकू वाहिलं आणि आतून डबा आणला. तो फुटाण्यांचा लहान डबा नव्हता, गव्हाचा मोठा डबा होता. उचलताना तिला दम लागला.

दुकानदाराच्या मुलीनं येतानाच फाटकातून केलेला पुकारा या वेळी फुकट गेला. आईनं नाही म्हणून मान हलवली आणि डबा हलवला. आत खसखस असा आवाज झाला. मग सुरू झालं. लाह्या म्हणून झालं, मुरमुरे झाले, घुगऱ्या झाल्या. गोड की तिखट विचारलं तर आई म्हणाली, गोड. मग साखरफुटाणे आणि चिरंज्या झाल्या. दुकानदाराच्या मुलीनं डब्याला कान लावला, वरून ठोकलं, खालून ठोकलं आणि डबाच गंजका आहे, आवाज नीट येत नाही अशी तक्रार केली. नाचता येईना अंगण वाकडं! मलाही आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. बराच वेळ गेला आणि दुकानदाराच्या मुलीनं खाली बघत, तोंडातल्या तोंडात ‘हरलो’ म्हटलं. बाकीच्यांनी तिच्यामागं कुरकुरत री ओढली.

आईनं झाकण काढून गव्हात कोपरापर्यंत हात घातला आणि एक पिकलेलं सीताफळ वर काढलं. मग दुसरं, मग तिसरं. वडिलांनी बांधावरची डोळे उघडलेली कच्ची सीताफळं चारेक दिवसांपूर्वी आणली होती, ती तिनं पिकायला गव्हात पुरली होती. दुसऱ्या डब्यात नीट फडक्यात बांधून ठेवायचं तिच्या मनात होतं, पण वेळ मिळाला नाही म्हणून तिनं गव्हासकट डबा उचलून आणला. फळं खिरापतीत असू शकतात हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरी तुटून पडल्या. हात, हनुवटी, परकर सगळं चिकट. कोणाची बी सगळ्यांत लांब जाते याची शर्यत लागली आणि त्यात दुकानदाराची मुलगी जिंकली, तेव्हा कुठे तिचा चेहरा उजळला.

आई पायरीवर बसून आमच्याकडे बघत होती. थोड्या वेळानं ती लाजत म्हणाली, “मघाशी काय म्हटलं वं तुमी? अजून एक डाव म्हणा ना पोरीहो. मले आजवर कोणी असं म्हटलंच नाही.”

गालात बिया तशाच ठेवून साऱ्या पोरी ओरडल्या. घरच्या पोरीनं ‘हरलो’ म्हणायचं नसतं, पण त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं ते मीच म्हटलं.