नऊ फळ्यांचा खड्डा

माझ्या वहिनी मातीखाली सापडून गेल्या. रविवारी सकाळी, सात ते साडेनऊच्या मध्ये कधीतरी. त्या खड्ड्याच्या फळ्या आदल्या दिवशी मी काढल्या होत्या. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी वेगळ्या आशेवर राहायला नको.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. औषधांच्या कारखान्यात, धुलाई विभागात सत्तावीस वर्षं. गावभरातून परत आलेल्या रिकाम्या बाटल्या तिथे सोड्याच्या गरम पाण्यात धुवून पुन्हा भरायला जात. दिवसाला बाराशे बाटल्या. एका बाटलीला ब्रशचे चार फेरे, तीन नाही की पाच नाही. त्या पाण्याने बोटं इतकी गुळगुळीत झाली की पुढे बँकेतलं मशीन त्यांचा अंगठा ओळखेना.

"चोरी करायची राहूनच गेली बघा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ठसा कुठे सापडला असता?"

मी पाणीपुरवठ्याच्या कामावर होतो. नळ टाकायला चर खणायचे, नळ बसले की बुजवायचे. तेहतीस वर्षं. बाटल्यांचा नाद वहिनींना माझ्यामुळेच लागला. एका चरात पाच फुटांवर शाईची दौत लागली. जाड, हिरवट, पोटात बुडबुडा अडकलेली. घरी जाताना त्यांना दिली. त्यांनी ती खिडकीशी धरली आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"ही मशीनची नाही. साच्याची शिवण मानेपाशीच संपते. वरचा ओठ हाताने वळवलाय."

मी तोवर हजार बाटल्या फावड्याने फोडल्या असतील. शिवण कधी पाहिली नव्हती.

भाऊ गेला, वहिनी निवृत्त झाल्या, मुलगा त्याच्या संसाराला लागला. मग त्या स्वतःच खणायला जाऊ लागल्या. भावाची जुनी पँट, रबरी बूट, डोक्याला फडकं. रेल्वेच्या मालधक्क्यामागे विटांसाठी माती काढलेला जुना खोलगट भाग होता. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी सगळ्या गावाचा कचरा तिथे पडायचा. वर तीन फूट राडारोडा, त्याखाली पिवळी चिकण माती, तिच्याखाली राख. घराघरांतल्या शेगड्यांची राख. बाटल्या त्या राखेत. राख मऊ, म्हणून फेकलेली बाटलीही आख्खी राहिलेली.

वहिनींकडे एक लांब सळई होती, वरच्या टोकाला आडवी मूठ. ती जमिनीत दाबत फिरायच्या. मातीत सळई चिकटते, राखेत सरकते, काचेवर करकरते. तीन वर्षांत त्यांचा हात असा बसला की खाली काच आहे की कौल, ते त्या न खणता सांगायच्या. बाटलीला लोखंड लावायच्या नाहीत. लाकडी पट्टीने राख कोरून काढायच्या. वर आणलेली काच दोन दिवस सावलीत ठेवायच्या, मगच पाणी. जमिनीतला गारवा काचेत असतो, घाईने धुतली की तडकते. आतला थर काढायला तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे आणि साबणाचं पाणी घालून बाटली हलवायची. एका बाटलीला कधी दोन तास लागत. त्या दोन तास हलवत.

शेजारीपाजारी चेष्टा करायचेच. पोतं खुळखुळवत निघालेली सहासष्ट वर्षांची बाई.

"काय वहिनी, आज किती रिकाम्या केल्या?"

"रिकाम्याच मिळाल्या हो. हेच तर दुःख आहे."

त्यांना एक बाटली हवी होती. विषाची. पूर्वी विषारी औषध निळ्या बाटलीत भरत आणि बाटलीच्या अंगावर उभे कंगोरे असत, अंधारात हाताला कळावं म्हणून. धुलाईत चुकून अशी एखादी यायची. पाण्यात हात असतानाच बोटांना कळायचं आणि ती बाजूला काढून फोडावी लागायची, तसा नियम होता. अशा चौदा बाटल्या फोडल्याचं त्या सांगत. एक ठेवायला हवी होती, म्हणत. यापेक्षा मोठं कारण नव्हतं. माणसाला एखादी वस्तू हवी असते, एवढंच.

त्यांच्या खड्ड्यावर मी प्रथम गेलो तेव्हा त्या गळ्याइतक्या खोल उभ्या होत्या आणि बाजूची भिंत पोखरत होत्या. राखेचा थर आडवा जातो, म्हणून बाटल्यांवाले आडवे घुसतात. वर माती लटकत राहते. मी त्यांना दंडाला धरून वर काढलं. त्या चिडल्या.

"लागलं मला!"

"लागू दे."

छातीच्या वर खोल गेलं की फळ्या. हे मी पुस्तकात वाचलं नाही. माझ्या पहिल्या मुकादमाने शिकवलं. ज्याला कोणी शिकवलं नव्हतं, त्याला दोरीने वर काढताना मी हजर होतो.

मी हातगाडीवरून फळ्या आणल्या. नऊ फळ्या, दीड इंच जाडीच्या, आणि सहा टेकू. फळीच्या समोर फळी, मध्ये आडवा टेकू, आणि तो मोगरीने ठोकत आणायचा. टेकू घट्ट बसला की ठोक्याचा आवाज बारीक होतो. तो ऐकू येईपर्यंत ठोकायचं. वहिनी काठावर बसून पाहत होत्या.

"भाऊजी, खड्डा खणताय की खोली बांधताय? पडदेपण लावा."

"आधी खोली, मग बाटली."

"तुमच्या भावाने लग्नानंतर चार वर्षं वेगळी खोली दिली नव्हती. तुम्ही दोन तासांत दिलीत."

दोन वर्षं आम्ही असं खणलं. वरची माती मी काढायची, राख त्यांनी. संध्याकाळी खड्डा बुजवायचा, नाहीतर फळ्या तशाच ठोकलेल्या ठेवून वर पत्रा टाकायचा. उघडा, बिनफळ्यांचा खड्डा सोडून घरी जायचं नाही. एकदाही गेलो नाही. शेवटचा शनिवार सोडून.

ती जागा ट्रक उभे करायला सपाट करणार होते. ठेकेदाराच्या माणसाने शनिवारपर्यंत परवानगी दिली. सोमवारी मशीन येऊन सगळं लोटणार, वर काँक्रीट. आमचा खड्डा तेव्हा सात फूट. शनिवारी दिवसभर राख चाळली. चार औषधाच्या बाटल्या, एक गोटीसोड्याची, मान तुटलेली. निळी नाही. चार वाजता मी म्हणालो, पुरे. वहिनी पोतं घेऊन पुढे गेल्या.

फळ्या काढायची रीत अशी की खालून वर यायचं. एक फूट माती भरायची, दाबायची, मग टेकू काढायचा, पुन्हा एक फूट. मी माती भरली नाही. टेकू काढले, फळ्या उपसल्या, गाडीवर टाकल्या. सोमवारी मशीन पाच मिनिटांत बुजवणार होतं ते मी चार तास फावडं मारून का बुजवू, असा विचार केला. पाठ दुखत होती हे खरं. पण पाठ तेहतीस वर्षं दुखतच होती.

कोपऱ्यातली शेवटची फळी ओढली तेव्हा तिच्यामागे राखेत निळं दिसलं. अंगठ्याच्या नखाएवढं. दोन कंगोरे स्पष्ट. बाटलीचा खांदा होता. काढायला हातभर आत जावं लागलं असतं. भिंत उघडी होती आणि राख वाळूसारखी सुटायला लागली होती. मी हात लावला नाही. शिडी वर ओढून घेतली. बोलायचं नाही असं ठरवलं. इथपर्यंत एक चूक होती. तेवढीच राहिली असती तर निभावलं असतं.

संध्याकाळी वहिनींकडे जेवायला बसलो. त्यांनी वाढलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं घालवली. एक सांगू का? तुम्हाला हात आहेत, भाऊजी. डोळा नाही. एखादी समोर आली असेल आणि तुम्ही फावड्याने उडवली असेल."

मला ते लागलं. त्या चेष्टेत बोलत होत्या हे कळत होतं, तरी लागलं.

"डोळा आहे," मी म्हणालो. "निळी मी पाहिली. आज. फळीमागे."

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "कुठल्या फळीमागे?"

मी सांगितलं. कोपरा, उंची, सगळं.

"आणि मला आत्ता सांगताय?"

"उद्या दहाला जाऊ. मी फळ्या परत लावतो. दोन तास लागतील. माझ्याआधी तिथे पाऊल टाकायचं नाही."

"बरं."

"बरं नाही. हो म्हणा."

"हो म्हटलं ना! मुकादम कुठचे."

मी साडेनऊलाच पोचलो, हातगाडी घेऊन. काठावर त्यांची पिशवी होती. घरातली छोटी शिडी आत उतरवलेली होती, तिच्या वरच्या तीन पायऱ्या मातीबाहेर दिसत होत्या. कोपरा बसला होता. माती अजून किंचित सरकत होती.

मालधक्क्याच्या राखणदाराला हाक मारली, फोन करायला सांगितलं आणि उतरलो. अंगाजवळ फावडं चालवायचं नसतं. हातांनी काढली. तोंड मोकळं करायला बावीस मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलं नव्हतं, राखणदाराने पाहिलं होतं. नाकातोंडात राख होती. मी ती बोटाने काढली. त्याचा उपयोग नव्हता. गालाला हात लागला तेव्हाच कळलं होतं. तरी अग्निशमनवाले येईपर्यंत मी काढतच होतो.

छातीपर्यंत मोकळ्या झाल्या तेव्हा त्यांच्या बाजूला एक पातळ फळी निघाली. पांढरा रंग दिलेली. समोरच्या भिंतीशी तसलीच दुसरी. मध्ये पडद्याचा दांडा, पोकळ, पत्र्याचा, मध्यभागी दुमडलेला.

मी ते हातात धरून बसलो. त्यांनी घरातल्या कपाटाच्या दोन फळ्या आणल्या होत्या. फळीच्या समोर फळी, मध्ये आडवा टेकू. दांडा ठोकून बसवलेला होता, टोकाला ठोक्याच्या खुणा होत्या. पद्धत बरोबर होती. सामान त्या वजनाचं नव्हतं. ती माती दोन बैलांच्या वजनाची असेल, आणि दांडा पडदा तोलायचा.

दुपारी त्यांच्या घरी गेलो. कपाटातल्या सगळ्या बाटल्या पलंगावर मांडलेल्या होत्या. लहान पुढे, मोठ्या मागे, मध्ये टॉवेल, एकमेकींना लागू नये म्हणून. म्हणजे पहाटे उठून आधी तेवढं काम केलं होतं.

निळी बाटली कोणी शोधली नाही. मीही नाही. सोमवारऐवजी गुरुवारी मशीन आलं.

पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा मी आणि पुतण्या बाकावर बसलो होतो.

"खड्ड्याला आधार होता?"

"नव्हता," मी म्हणालो.

"का?"

पुतण्या मध्येच बोलला. "आई ऐकायची नाही हो कुणाचं. काकांनी शंभरदा सांगितलं होतं. हट्टी होती."

पोलिसाने ते लिहून घेतलं. मी सही केली. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही.

पुढचे तीन आठवडे मी तेच ऐकत होतो. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, हट्टी बाई, ऐकत नव्हती. दुकानात, जिन्यात, कारखान्यातल्या त्यांच्या मैत्रिणींच्या तोंडी. पुतण्या सगळ्यांना तेच सांगायचा, आणि माझ्याकडे पाहून मान हलवायचा, जणू तो माझी बाजू घेत होता. घेतच होता.

एका संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. सूनबाईने चहा ठेवला. मी म्हणालो, चहा नंतर, आधी बस. सगळं सांगितलं. फळ्या का काढल्या, माती का भरली नाही, निळी कशी दिसली, जेवताना काय बोललो आणि का बोललो. कपाटाच्या फळ्यांचं आणि दांड्याचंही सांगितलं. त्याने टेबलाची कड दाबून धरली.

"म्हणजे आई ऐकत होती."

"अर्धं ऐकलं. माझ्याआधी जाऊ नका म्हटलं होतं, ते नाही ऐकलं. फळ्यांचं ऐकलं."

"आणि मी गावभर..."

"हो."

"तुम्ही बाजूला बसून ऐकत होतात, काका. तीन आठवडे."

"हो."

"जा तुम्ही."

मी उठलो. सूनबाई चहाचा कप घेऊन दारात उभी होती, तिने मला वाट दिली. पोलीस ठाण्यात जबाब बदलून द्यायला गेलो, तर म्हणाले, प्रकरण बंद झालंय, घरी जा, आजोबा. दोनदा गेलो. दोनदा तेच.

पुतण्या माझ्याशी बोलत नाही. बोलावं असं मी म्हणणार नाही. मागच्या महिन्यात दवाखान्याच्या रांगेत तो पुढे होता, मी मागे, मध्ये चार माणसं. धुलाईत वहिनींबरोबर असलेल्या एका बाईने त्याला ओळखलं, हात धरला, हळहळली. "फार वाईट झालं रे. पण हट्टीच होती, नाही का? ऐकायची नाही कुणाचं."

"ऐकायची," तो म्हणाला.

तिला ऐकू आलं नसावं. तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, आणि माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मग त्याचा नंबर आला आणि तो आत गेला.