हजच्या आधीचा एक फोटो

चाचींनी फोटोला होकार दिला तो निघण्याच्या आदल्या दिवशी, आणि तोही अटी घालून. एकदाच काढायचा आणि पुण्याच्या दुकानात धुवायला द्यायचा नाही. "तिथं चार परकी माणसं माझं तोंड बघणार. घरात धुवा, न्हाईतर नगंच," असे त्या म्हणाल्या. त्या काळी हजला बोटीने जात. जाऊन येण्यात महिने जात आणि म्हातारी माणसे परत येतीलच असे कोणी धरून चालत नसे. चाचींचा तोवर एकही फोटो नव्हता. त्यांच्या मुलाला आईचा चेहरा घरात हवा होता.

हा मुलगा माझा मित्र. चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्यावर तो ट्रक दुरुस्त करी आणि त्यांच्याच घराला लागून असलेल्या खोलीत मी व माझी पत्नी भाड्याने राहत होतो. मी चाकणजवळच्या खेड्यातला, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा या गावात आमचे कोणी नव्हते. चाचींनी पहिल्याच दिवशी आमची चूल पेटवून दिली आणि पुढे माझ्या पत्नीला सुनेसारखे वागवले. त्या माणसांचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मला आजही नीट सांगता येत नाही.

कॅमेरा मित्राचा. देहूरोडच्या लष्करी भंगारात त्याला मिळालेला, महायुद्धाच्या आधीचा, काळ्या खोक्यासारखा. पोटाशी धरायचा, वरच्या बारक्या काचेत बघायचे, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. खटक्याची स्प्रिंग त्याने बसवली आणि मी पुण्याहून एक इंग्रजी पुस्तक आणून त्याला मराठीत वाचून दाखवू लागलो. फिल्म धुण्याचा कारखाना म्हणजे आमचे स्वयंपाकघर. खिडकीवर गोधडी, दाराच्या फटीत चिंध्या आणि कंदिलाला ट्रकच्या मागच्या दिव्याची लाल काच. आमची फिल्म लाल उजेडात चालणारी होती. तिची दोन्ही टोके दोन हातांत धरून ताटातल्या औषधातून झोका दिल्यासारखी खालीवर करायची. हात थांबला की डाग पडे.

थंडीत आम्हाला हे जमले होते. चैत्र लागला आणि बिघडले. पत्नीचा एक फोटो मी धूत होतो, तर औषधात तिचे चित्र सुरकुतले आणि दुधावरची साय सरकावी तसे फिल्मवरून सुटून ताटाच्या तळाशी जाऊन बसले. पाणी गार हवे, असे पुस्तकात होते. पुस्तक थंड देशातले होते. त्यानंतर आमचा एकही रोल धड आला नव्हता.

म्हणून चाचींना दारात बसवून फोटो काढला तेव्हा मी मित्राला म्हटले, पावसाळ्यापर्यंत रोल डब्यात बंद ठेवू. त्याने मान हलवली. "न्हाई राव. खराब झाला तर अम्मा हितं हाय तवर कळू दे. मी परत तिचे पाय धरीन." दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने चाची मुंबईला निघणार होत्या. पहाटे पाणी गार असताना धुवायचे ठरले. माठ रात्रभर अंगणात ठेवला. चित्र पक्के करायला फिल्म शेवटी ज्या हायपोत बुडवायची त्यात थोडी तुरटी विरघळवली, कारण तुरटीने चित्राचा थर घट्ट होतो असे पुस्तकात वाचले होते. पुस्तकातली तुरटी निराळी, आमची गढूळ पाणी निवळायची. चालेल की नाही, कोणाला ठाऊक.

पण पहिल्याच गाडीने तळेगावहून पाहुणे चाचींना भेटायला आले आणि मित्राला निघता येईना. तो आला तेव्हा ऊन पत्र्यावर चढले होते. पत्नी बाहेर पायरीवर राखण करत बसली आणि आम्ही दार लावले.

फिल्म औषधात घातली. खोलीत घाम टिपायलाही हात मोकळा नव्हता. हळूहळू एका टोकाशी काळसर ठिपका दिसला, मग ओढणीची कड, मग कपाळ. मित्र हायपोचे ताट धरून माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. एवढ्यात बाहेर चाचींचा आवाज आला.

हजला जाणारे माणूस निघण्याआधी ओळखीच्या प्रत्येक दारी जाऊन माफी मागते. पाहुण्यांना भेटून झाल्यावर चाची आळीत तेच करत होत्या आणि आता आमच्या दारी आल्या होत्या. पत्नीने त्यांना बसायला सांगितले. अजून अर्धी आळी राहिली आहे, असे म्हणून त्या उभ्याच राहिल्या.

"बाळा, आत हायस ना?"

"आहे, चाची. दार उघडता येत नाही. उजेड आला तर सगळं जाईल."

त्या दाराजवळ सरकल्या. "बरं. मग हितनंच. बोलता-चालता काय उणंदुणं बोलले असंन, तर मनात ठेवू नगंस. माफ कर."

खरे तर उठून त्यांच्या पाया पडायचे. आणि मी दोन्ही हात वर करून, दाराच्या बंद फळ्यांकडे पाठ करून बसलो होतो. माझे हात मंदावले. मित्र कुजबुजला, "राव, हात."

"चाची, तुम्ही कसली माफी मागता," मी मोठ्याने म्हटले.

"तसं चालत न्हाई. माफ केलं म्हणावं लागतं."

मी तसे म्हटले. इतके अवघड वाक्य मी आयुष्यात फार थोडे बोललो असेन.

मग त्या पत्नीला विचारू लागल्या, आमचा पोरगा आता कुठे गेला, त्याची माफी मागायची राहिली आहे. मित्राने दाराकडे मान वळवली. "अम्मा, मी बी हितंच हाय."

"अस्सं. आय माफी मागती आन् तू दाराआड लपलास व्हय?"

"तुझंच तोंड धुतोय, अम्मा."

पत्नी हसली. चाची हसल्या नसाव्यात. "मग नीट धू," त्या म्हणाल्या, आणि मग हलक्या आवाजात, "माफ केलंस का?"

"केलं," तो म्हणाला.

तेव्हाच मला फिल्मची कड दिसली. थर सुरकुतायला लागला होता, आणि सुरकुती फोटोतल्या दाराच्या चौकटीवरून चाचींच्या खांद्याकडे चालली होती. औषध कोमट झाले होते. मी फिल्म तशीच उचलून हायपोत घातली आणि, पुस्तकात काहीही असो, हलवली नाही. आम्ही दोघे तिची टोके धरून श्वास रोखून वाकलो. सुरकुती खांद्यापाशी आली. तिथे थांबली. आम्ही बराच वेळ बघत राहिलो, तरी ती पुढे सरकली नाही.

माठातल्या उरल्या पाण्यात फिल्म खंगाळून दार उघडले तेव्हा चाची तिथेच होत्या, ओसरीचा खांब धरून. मित्राने फिल्म दोन्ही टोकांनी उजेडात धरली. खांद्याशेजारची चौकट वितळल्यासारखी झाली होती. चेहरा मात्र पुरता होता, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर बटा. चाचींनी डोळे बारीक केले.

"केस काळे केलेस ते बरं केलंस. पर तोंड बी काळं?"

उलटे चित्र आहे, कागदावर सरळ येईल, असे मी समजावू लागलो. त्यांनी ऐकून घेतले, पुन्हा एकदा स्वतःकडे पाहिले आणि ओढणी सावरत पायरी उतरल्या. मित्र दोन पावले त्यांच्यामागे गेला आणि थांबला. बाहेर धूळ उडत होती आणि फिल्म ओली होती. तो हात पसरून तसाच सावलीत उभा राहिला. शेजारच्या दारी चाचींनी हाक दिली, तेव्हा त्याने मला विचारले, "वाळायला किती वेळ लागंल, राव?"